चार डझन श्वास

‘सुरू,’ मी म्हणाले, आणि आईंचा अंगठा हलला.

सेकंदकाटा बारावरून सुटला होता. माझी नजर एकदा घड्याळाकडे जायची, एकदा रेवाच्या छातीकडे. दहा महिन्यांची माझी लेक मांगरातल्या थंड जमिनीवर दुहेरी गोधडीत उताणी झोपली होती. मांगर म्हणजे घरामागची चिऱ्याची शेड. हंगामात तिच्यात आमचे आंबे असत. चारी बाजूंना गवतावर मांडलेला हापूस, त्याचा गोडूस वास, कौलांतून पडलेले उन्हाचे दोन कवडसे, आणि मधोमध ही झोपलेली. झबलं मी वर सरकवलं होतं. पोट वर यायचं, खाली जायचं, वर यायचं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिच्या उशाशी मांडी घालून बसल्या होत्या. ओठ मिटलेले, फक्त उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालत होता.

‘थांबा,’ मी म्हणाले.

‘चार डझन,’ आई म्हणाल्या. ‘बरोब्बर. एक कमी नाय, एक जास्त नाय.’

चार डझन म्हणजे अठ्ठेचाळीस. आदल्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टर बांदिवडेकर बाई आमच्या गावच्या उपकेंद्रात आल्या होत्या, तेव्हा रेवाचा खोकला तपासून त्यांनी मला बजावून सांगितलं होतं, ‘औषध देतेय, पण श्वास मोजत राहायचे. ती झोपलेली असताना, पूर्ण एक मिनिट. तिच्या वयाला पन्नास किंवा त्याच्या वर गेले, तर वाट बघायची नाही. सरळ तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन या. त्याच्या आत असतील तर घरीच बरी होईल.’

अठ्ठेचाळीस. मी भिंतीला टेकले. सकाळपासून पहिल्यांदा पाय लांब केले.

‘आता तरी जेव दोन घास,’ आई म्हणाल्या. ‘तोंड बघ कसा झाला तुझा. चेडवापेक्षा तूच आजारी दिसतंस.’

मोजायला त्या मुळात यायच्याच नव्हत्या. सकाळी मीच मोजत होते आणि मला मोजता येत नव्हतं. बी.एस्सी. झालेली बाई मी, पण वीसपर्यंत ठीक जायचं आणि पुढे माझी जीभ मागे पडायची. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. एकोणतीस म्हणेपर्यंत तिचा श्वास दोनदा होऊन गेलेला असायचा. मग मी मनातल्या मनात पळत सुटायची, चुकायची, पुन्हा सुरुवात करायची. एकदा सेहेचाळीस आले, एकदा त्रेपन्न. एकदा तर मी स्वतःच्याच छातीचे ठोके मोजले असणार, कारण ते सत्तरच्या वर गेले.

‘आण हंय,’ शेवटी आई म्हणाल्या होत्या. ‘मी मोजतंय. आंबे मोजण्यात जलम गेलो माझो.’

त्यांचं सगळंच डझनात चालायचं. नारळ डझनात, अंडी डझनात, हळदीकुंकवाला आलेल्या बायकासुद्धा. वय विचारलं तर ‘पाच डझन नि वर दोन’ म्हणायच्या. लग्नानंतर नवी नवी होते तेव्हा मी एकदा हौसेने त्यांना सांगायला गेले होते, ‘आई, डझन हा आपला शब्द नाही. इंग्रजांनी आणला. त्यांच्याकडे फ्रेंचांतून आला, आणि मुळात तो लॅटिन. दोन अधिक दहा असा त्याचा अर्थ.’

आई नारळ सोलता सोलता थांबल्या. ‘माझ्या आजयेक इंग्रजी येय होता?’

‘नसेल येत.’

‘ती डझनानच मोजी. आणि ता दोन नि धा कशाक? बघ.’ त्यांनी हात पुढे केला. चार बोटं, एकेका बोटाला तीन पेरं. अंगठा तर्जनीच्या टोकापासून निघाला आणि करंगळीच्या मुळाशी येऊन थांबला. ‘ह्यो डझन. देवान हातावरच दिलोहा. त्या लॅटिनवाल्यांका बोटा नव्हती की काय?’

सुहास, माझा नवरा, हसून हसून बेजार झाला होता.

त्या दुपारी सुहास घरी नव्हता. आदल्या दिवशीच्या मालाबरोबर तो वाशीच्या बाजारात गेला होता. मोबाइल होता, पण आमच्या खाडीकाठी रेंज येत नसे. बोलायचं तर वर सड्यावर, कातळाच्या माळावर, चढून जावं लागे. घरी आम्ही तिघीच, आणि अंगणात पास्कलचा टेम्पो. गावात त्या वेळी चारचाकी तेवढी एकच उरली होती. पास्कल आमच्या पेट्या हायवेवरच्या ट्रकपर्यंत पोचवायचा. ट्रक चारला सुटायचा. हायवे पूर्वेला आणि तालुक्याचा दवाखाना बरोबर उलट, खाडीच्या पुलापलीकडे.

‘काकी, भरूक सुरवात करू?’ पास्कलने दारातून विचारलं.

‘भर. शेवटची दोन गिऱ्हायकी तेवढी बांधूची आसत माझी.’ मग माझ्याकडे हनुवटी करून त्या त्याला म्हणाल्या, ‘हिका आज परत दवाखानो दिसाक लागलेलो. मोजून दाखयलंय तेव्हा खाली बसली.’

‘वयनी, ह्या वर्षी चारदा झाला,’ पास्कल म्हणाला. ‘डॉक्टर आता तुमका बघल्यावर च्याच ठेवतत.’

‘तीनदा,’ मी म्हणाले.

पण खोटं नव्हतं ते. रेवाला एकदा उलटी झाली म्हणून, एकदा ती जास्त वेळ झोपली म्हणून, आणि एकदा तिच्या मानेवर घामोळं आलं ते गोवर असेल म्हणून मी तिला तालुक्याला नेलं होतं. तिन्ही वेळा आम्ही हात हलवत परत आलो होतो. घरात कुणी मला टाकून बोललं नाही, पण ‘मृदुला भित्री’ हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीसुद्धा.

म्हणून गप्प बसले. अठ्ठेचाळीस. पन्नासच्या आत. मी स्वतःला हे सांगत राहिले. रेवा झोपेत खोकली, तोंड वाकडं करून पुन्हा शांत झाली. तिच्या नाकपुड्या जरा फुगत होत्या का? की मलाच तसं दिसत होतं? मला नेहमीच काहीतरी दिसायचं, त्यामुळे माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा उरला नव्हता. मी मुद्दाम तिच्याकडे बघायचं सोडलं आणि आईंकडे बघत बसले.

आई शेवटच्या पेट्या बांधत होत्या. या बाजाराच्या नव्हत्या, नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या होत्या. त्या आई दुसऱ्या कुणाला भरू देत नसत. मांगरात बसून त्यांचं काम बघायची माझी ही पहिलीच वेळ. आदल्या हंगामात मी बाळंतपणाला माहेरी, मिरजेला होते. डाव्या हाताने त्या आंबा उचलायच्या, देठाशी नाक नेऊन वास घ्यायच्या, गवतात बसवायच्या. आणि उजव्या हाताचा अंगठा एक पेर पुढे सरकायचा. तोंडाने पास्कलशी गजाली चालूच. त्याच्या भावाचं लग्न, चर्चचं रंगकाम, यंदाचा मोहोर. आकडा एकही नाही. हात आपला आपण मोजत होता.

अंगठा करंगळीच्या मुळाशी आला. बारा. आता त्या ‘डझन’ म्हणतील म्हणून मी ऐकत होते.

त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी आणखी एक आंबा उचलला, बसवला, आणि अंगठा आत घेऊन मूठ मिटली. मग म्हणाल्या, ‘येक डझन.’

मी सरळ बसले.

पुढच्या खेपेला मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. बारा आंबे. मग तेरावा, आणि मूठ. ‘दोन डझन.’

‘आई, हा शेवटचा कसला?’

‘खंयचो?’

‘बारा झाल्यावर जो घातलात तो.’

‘तो वरचो,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या घरात डझनामागे एक वरचो घालतत. तुझ्या सासऱ्यांच्या आधीपासून. गिऱ्हायक परत येवक नको?’

डझनावर एक आंबा जास्त देतात हे मला माहीत होतं. पण तो शेवटी, वेगळा मोजून ठेवत असतील अशी माझी समजूत होती. तो त्यांच्या मुठीतच बसलेला आहे हे मला त्या क्षणी दिसलं.

‘आणि मघाशी?’ मी विचारलं. ‘मघाशी रेवाचे श्वास मोजताना मूठ मिटत होतात का?’

‘कसली मूठ?’

‘बारा झाल्यावर. आता मिटलीत तशी.’

आई माझ्याकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या हाताकडे. ‘माका काय ठावक? मी काय हाताकडे बघून मोजतंय?’

‘परत मोजा,’ मी म्हणाले.

‘मृदुला गो, आत्ताच मोजलंय.’

‘परत मोजा, आई. पास्कल, तुम्ही इकडे या. हे घड्याळ धरा. काटा बारावर आला की सांगा आणि परत बारावर आला की सांगा. दुसरं काही करू नका.’

बहुधा मी त्या घरात तशा आवाजात कधी बोलले नव्हते. पास्कल चपला काढून आत आला. आई पुन्हा रेवाच्या उशाशी बसल्या. या वेळी मी रेवाकडे बघणार नव्हते. मी आईंच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि त्यांच्या हातावर नजर रोवली.

‘हां,’ पास्कल म्हणाला.

अंगठा निघाला. त्याची चाल आंब्यांच्या वेळी होती त्यापेक्षा कितीतरी भरभर. तर्जनी संपली, मधलं संपलं, अनामिका, करंगळी. बारा. आणि मूठ मिटली. मूठ मिटली तेव्हाही एक श्वास गेला होता. समोर पोट वर आलेलं मला डोळ्यांच्या कडेने दिसलं. अंगठा पुन्हा तर्जनीच्या टोकावर. पुन्हा मूठ. आईंचे डोळे रेवाच्या छातीवर होते, चेहरा अगदी शांत. आपला हात काय करतोय याचा त्यांना खरंच पत्ता नव्हता. तिसरी मूठ. चौथी.

‘झाला,’ पास्कल म्हणाला.

‘चार डझन,’ आई म्हणाल्या. ‘तेवढेच. सांगलंय ना?’

‘चार वेळा मूठ मिटलीत,’ मी म्हणाले. ‘तुमचा डझन तेराचा आहे, आई. अठ्ठेचाळीस नाहीत. बावन्न आहेत.’

पास्कलने घड्याळ हळूच गोधडीच्या कडेला ठेवलं.

‘चार शिवास हंय काय नि थंय काय,’ आई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

‘डॉक्टरांनी पन्नास सांगितलंय. मी जाते. टेम्पो द्या नाहीतर मी तिला घेऊन पुलापर्यंत चालत जाते, पुढे काहीतरी मिळेल. उगाच जाणं झालं तर होऊ दे चौथ्यांदा.’

‘काकी, निम्मो माल भरलेलो आसा,’ पास्कल पुटपुटला. ‘थंय जावन येवक चार वाजान जातले. ट्रक चुकतलो. आंबो आज नाय गेलो तर...’

त्याने वाक्य पुरं केलं नाही. त्याची गरजही नव्हती. त्या पेट्यांतला आंबा पिकायला लागलेला होता. एक दिवस मांगरात राहिला असता तर बाजारात त्याची किंमत राहिली नसती, आणि वर्षाचा सगळा घरखर्च त्या दोन महिन्यांवर चालायचा. हे मला कळत होतं. म्हणून मी आईंकडे बघत होते.

आई त्यांच्या तळहाताकडे बघत होत्या. त्यांनी अंगठा सावकाश पेरांवरून फिरवला. बारा झाले. बोटं मिटायला लागली, तशी त्यांनी ती डाव्या हाताने धरली.

‘पास्कल,’ त्या म्हणाल्या, ‘माल उतरय.’

‘सगळो?’

‘नायतर ऱ्हवांदे तसोच, वेळ नको घालव. गाडी चालू कर. मृदुला, तिका घे. मी येतंय.’

टेम्पोत पुढे आम्ही दोघी आणि माझ्या मांडीवर रेवा. मागे आंब्यांच्या पेट्या खडखडत होत्या. पूल ओलांडताना रेवा जागी झाली, पण रडली नाही. नेहमी गाडीत बसली की ती खिडकीच्या काचेवर हात मारायची. त्या दिवशी तिने नुसतं बघितलं. तिच्या बरगड्यांखाली, श्वास घेताना, एक खळगा पडत होता. मी आईंना दाखवला. आईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं आणि पास्कलला एवढंच म्हणाल्या, ‘जरा हाण.’

दवाखान्यात बांदिवडेकर बाईच होत्या. मला बघून त्या आधी हसल्या. मग रेवाला बघून हसायच्या थांबल्या. त्यांनी स्वतः मोजलं, स्टेथोस्कोप लावला, सिस्टरला हाक मारली. न्यूमोनिया होता. पुढचा पाऊण तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो: सलाईनची सुई लावताना रेवाने फोडलेला टाहो, ऑक्सिजनची बारीक नळी, तिच्या मुठीत अडकलेलं माझं मंगळसूत्र.

‘वेळेत आणलंत,’ नंतर बाई म्हणाल्या. ‘रात्रभर घरी राहिली असती तर कठीण झालं असतं. आता घाबरू नका.’ जाता जाता त्या वळल्या. ‘किती मोजले होतेत घरी?’

मी आईंकडे बघितलं. ‘बावन्न,’ मी म्हणाले.

‘छान मोजलेत. पालकांचे नेहमी चुकतात.’

संध्याकाळी रेवाचा श्वास जरा संथ झाला. पास्कल केव्हाच परत गेला होता; ट्रक अर्थातच निघून गेला होता. समोरच्या खाटेवर कुणाचा तरी म्हातारा घोरत होता. आई स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर उपडे ठेवून, जणू ते दिसायला नको होते.

‘तुम्ही थोडं पडा, आई.’

‘नको.’ मग त्या म्हणाल्या, ‘वरचो कित्याक घालतत ठावक आसा तुका?’

‘गिऱ्हाईक परत यावं म्हणून. तुम्हीच म्हणालात.’

‘ता लोकांका सांगूचा. खरा म्हणजे वाटेत एखादो नासतलो, ह्या धरूनच चालूचा आसता. नासलो तरी डझन पुरो भरूक व्हयो.’ त्या रेवाकडे बघत होत्या. ‘आमच्या टायमाक पोरांचाय तसाच होता. माझी सासू म्हणा, होवंदेत, एखादा जाताच. कोण मोजूक बसता शिवास? मुलगो तापान फणफणलो तरी आमी हंगाम सोडून खंय गेलाव नाय.’

मी रेवाचं पांघरूण नीट केलं.

‘सुहासाच्या आधी एक होतो. अकरा महिन्यांचो. तेचीय छाती अशीच उडा होती. अशीच, हंय खड्डो पडा. मी मांगरात बसलंय आंबे भरीत.’

‘मला माहीत नव्हतं,’ मी म्हणाले.

‘सुहासाकय नाय. कोण नाव काढना नाय तेचा.’

‘काय नाव होतं?’

त्यांना चटकन सांगता आलं नाही. विसरल्या नव्हत्या, हे मला दिसत होतं. शब्द तोंडात येऊन अडला होता.

‘वामन,’ त्या म्हणाल्या.

मी खाटेच्या या बाजूला, त्या त्या बाजूला, मध्ये रेवा. खिडकीबाहेर रिक्षावाले भाडं ठरवत होते. रेवाने झोपेतच एक मोठा सुस्कारा टाकला, म्हाताऱ्या माणसासारखा, आणि आम्ही दोघीही दचकून पुढे वाकलो. काही नव्हतं. ती कूस बदलत होती.

रात्रपाळीची सिस्टर आली तेव्हा दिवे लागले होते. नवी मुलगी होती, गप्पिष्ट. तिने थर्मामीटर लावला, सलाईनचे थेंब नीट केले आणि आईंकडे बघून हसली.

‘नात का आजी? पहिलीच?’

‘होय. मुलग्याची.’

‘लाडकी असणार मग. तुम्हाला मुलं किती, आजी?’

त्या घरात आल्यापासून हा प्रश्न मी आईंना किती जणांनी विचारलेला ऐकला होता. देवळात, लग्नात, एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईने. उत्तर ठरलेलं असायचं. दोन. एक झील, एक चेडू. झील वाशीक माल घेवन जाता, चेडू कुडाळाक दिलेला. ते मला इतकं पाठ होतं की मी मनात म्हणूनही टाकलं.

आईंनी मांडीवरचे हात सुलटे केले.

‘तीन,’ त्या म्हणाल्या.

‘अरे वा,’ सिस्टर म्हणाली, आणि थर्मामीटर झटकत पुढच्या खाटेकडे गेली.